ट्रिगरचं वजन, सिलिंडरची तारीख

पावसाळ्यात रेंजवर गर्दी वाढते आणि माझ्याकडे येणारी पत्रंही वाढतात. स्पर्धांचा मोसम तोंडावर असतो, घरोघरी खरेदीचा विषय निघालेला असतो. मी स्वतः पिस्तूल शूटर होते. नंतर बरीच वर्षं रेंजवर वेपन दुरुस्तीचं काम केलं आणि स्पर्धांमध्ये इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे वेपन नियमात बसतं का ते तपासण्याच्या, टेबलामागे बसले. त्या टेबलापुढे रडणारी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, वजन ३८ किलो. आठ महिने ती क्लबच्या रायफलवर १० मीटर एअर रायफल करते. सर म्हणतात, आता स्वतःची रायफल घ्या. नवी परदेशी रायफल आम्हाला झेपणार नाही. ओळखीतल्या एका शूटरची २०१४ सालची रायफल मिळते आहे. 'फार फायर झालेली नाही, सिलिंडरही सोबत देतो' असं ते सांगतात. घ्यावी का? मला यातलं काहीच कळत नाही. (एक आई, सांगली)

ताई, १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं, तेव्हापासून आपल्या कोल्हापूर-सांगली भागातून अशी पत्रं फार येतात. मला त्याचा आनंदच आहे. जुनी रायफल घ्यायला माझी हरकत नाही. चांगली सांभाळलेली मॅच रायफल वीस वर्षंही नेम सोडत नाही. पण बघून घ्यायची. कशी बघायची ते सविस्तर सांगते. हे पत्र हातात घेऊनच जा, आणि सरांना सोबत न्या.

सगळ्यात आधी सिलिंडर. रायफलीच्या नळीखाली हवेची जी नळकांडी असते ती. तिच्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. सिलिंडरची मुदत उत्पादकानं ठरवलेली असते आणि ती जास्तीत जास्त दहा वर्षं धरली जाते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि तो मुदतीत आहे की नाही हे बघण्याची जबाबदारी नियमानं खेळाडूवरच टाकलेली आहे. २०१४ च्या रायफलीसोबत २०१४ चाच सिलिंडर असेल, तर 'सोबत देतो' या शब्दाला काही किंमत नाही. त्याच मेकच्या नव्या सिलिंडरचा भाव विक्रेत्याला आधी विचारा आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला सांगा. दुसऱ्या मेकचा सिलिंडर 'बसतोय' म्हणून कुणी बसवून दिला, तर घेऊ नका. आत २०० बार दाब असतो. तिथे जुगाड नको.

पुढचं सगळं मुदतीतल्या सिलिंडरवर करायचं. लागल्यास क्लबमधला त्याच मेकचा मागून घ्या. तो भरा, रायफलीला लावा, मीटरचा काटा कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी काटा तिथेच हवा. मग रेंजवर न्या. रायफल रेस्टवर, म्हणजे वाळूच्या पिशवीवर नीट टेकवून, सरांना पाच-पाच शॉटचे चार ग्रुप मारायला सांगा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा असतो. पाचही छर्रे जवळपास एकाच भोकातून गेलेले दिसायला हवेत, कडा थोडी फाटलेली असली तर चालेल. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला, तरच दहा मिळतो. म्हणून रायफलीनं स्वतःच्या चुकीसाठी त्यातली जागा खाता कामा नये. ती सगळी जागा मुलीच्या चुकांना हवी.

मग एक साधी चाचणी. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडा. छर्रा भरून लिव्हर बंद झाली की जिथे फट मिटते, त्या जागेवर ती अलगद ठेवा आणि शॉट मारा. पट्टी हलली तर तिथला सील, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, गेलेला आहे, हवा मागून सुटते आहे. सील बदलणं स्वस्त काम आहे, त्यासाठी रायफल नाकारू नका, पण मालकाला माहीत नसेल तर रायफलीकडे किती लक्ष होतं तेही तुम्हाला कळेल. आणखी एक: दहा शॉट मारल्यावर रायफल पंधरा मिनिटं नुसती ठेवा आणि मग एकच शॉट मारा. तो बाकीच्या ग्रुपपासून वेगळा, वर किंवा खाली गेला, आणि दोन-तीनदा तसंच झालं, तर आतला रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक शॉटला सारखा दाब देणारा भाग, दाब धरून ठेवत नाही. हे दुखणं मोठं. मॅचमध्ये मूल श्वास घ्यायला थांबतं, पाणी पितं, परत उभं राहतं आणि पहिला शॉट आठ जातो. मूल स्वतःला दोष देतं. असे स्वतःला दोष देत खेळ सोडलेले दोघं मला माहीत आहेत, म्हणून हे इतकं आवर्जून लिहिते.

आता अंगाला बसण्याचं. नियमात एअर रायफल साइट्ससकट, म्हणजे नेम धरायच्या भागांसकट, ५.५ किलोपर्यंत चालते. चालते म्हणजे तेवढी जड हवी असं नाही. ३८ किलोच्या मुलीच्या कमरेवर साडेपाच किलो ठेवले की पाठ वाकते, आणि तेराव्या वर्षी वाकलेली पाठ मला कुठल्याही मेडलसाठी नको. पुढची सुटी वजनं काढून टाका. बटप्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, पूर्ण आत घेतल्यावर लांबी तिला बसते का, हे तिला जॅकेट घालून उभं करून बघा. डोळे मिटून तिनं रायफल खांद्याला लावावी, गाल चीकपीसवर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. मान न ताणता, न दाबता डायोप्टरच्या, म्हणजे मागच्या भोकाच्या साइटच्या, मध्यातून पुढची रिंग दिसली पाहिजे. दिसत नसेल आणि सगळे स्क्रू शेवटाला पोचले असतील, तर रायफल कितीही चांगली असली तरी ती तिची नाही.

घेतलीत तर एक वही करा. बटप्लेट किती, चीकपीस किती, पुढची वजनं किती, सगळं मिलिमीटरमध्ये. मूल वाढतंय, दर तीन-चार महिन्यांनी बदलावं लागेल, पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान आठवडाभर तशीच राहू द्या. स्क्रू बसवून झाले की प्रत्येकाच्या डोक्यावरून खालच्या भागावर उतरेल अशी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. स्क्रू हलला की रेघ तुटते. माझ्या ओळखीचा कुठलाही चांगला आर्मरर, म्हणजे वेपन दुरुस्त करणारा, ही रेघ ओढल्याशिवाय वेपन परत देत नाही.

या सगळ्यात रायफल नापास झाली, तर अजून वर्षभर क्लबची रायफल चालेल. पण क्लबला एवढी विनंती करा की तिला रोज एकच रायफल द्या, आज ही, उद्या ती असं नको.

प्रश्न : मी १० मीटर एअर पिस्तूल करतो. जिल्हा स्पर्धेत तपासणीला माझं ट्रिगर वेट (ट्रिगर ओढायला लागणारं वजन) तिसऱ्या प्रयत्नाला कसंबसं पास झालं. घरी ताणकाट्यावर ते बरोबर ५०५ ग्रॅम येतं. नियमातल्या किमान ५०० च्या जास्तीत जास्त जवळ ठेवायचं असेल तर काय करावं? (बी. कॉम. दुसरं वर्ष, नांदेड)

बाळा, तुझा प्रश्नच मला बदलायचा आहे. ५०० च्या जवळ कसं जावं हे विचारू नकोस. ५०० पासून सुरक्षित अंतरावर राहून ट्रिगर गुळगुळीत कसा वाटेल, ते विचार.

ताणकाटा आधी बाजूला ठेव. त्यात स्प्रिंग असते, आणि नियमात ट्रिगर तपासायला स्प्रिंग चालत नाही, खरं वजनच लागतं. पिस्तुलाची नळी उभी धरतात, वजन टेबलावर ठेवलेलं असतं, त्याचा आकडा ट्रिगरच्या साधारण मध्यावर अडकवतात आणि पिस्तूल सावकाश वर उचलतात. वजन टेबलावरून सुटून अधांतरी लटकलं आणि ट्रिगर पडला नाही, म्हणजे सुटला नाही, तर पास. जास्तीत जास्त तीन प्रयत्न. ताणकाट्यानं तू खेचतोस तेव्हा तुझा हात कधी तिरका, कधी झटक्यात जातो, आकडा आडवा-उभा कुठेही बसतो. पाच-दहा ग्रॅमचा फरक तिथेच पडतो. दुसरं म्हणजे तू बहुधा ड्राय फायरवर, म्हणजे हवा न सुटणाऱ्या सरावाच्या स्थितीत, मोजतोस. एअर पिस्तुलाची तपासणी करताना प्रत्यक्ष हवा सुटेल अशा स्थितीत ते कॉक केलेलं असावं लागतं. काही पिस्तुलांमध्ये या दोन स्थितींत ट्रिगर सारखा लागत नाही.

स्वतःचं वजन बनव. सायकलची एक जुनी तार घे, तिचं वरचं टोक आकड्यासारखं वळव आणि त्यावर रबराची बारीक नळी चढव, म्हणजे ट्रिगरवरून घसरणार नाही. खालच्या टोकाला लोखंडी वॉशर ओवत जा. मग ते घेऊन ओळखीच्या सराफाकडे जा आणि सोन्याच्या काट्यावर ठेवायला सांग. तार, रबर, वॉशर सगळं मिळून ५१५ ग्रॅम भरलं पाहिजे. माझं वजन कोल्हापुरात गुजरीतल्या एका पेढीवर असंच तोलून घेतलं होतं. आजही ते माझ्या पेटीत असतं. त्याच्यावर तुझा ट्रिगर सलग दहा वेळा टिकला, तर तू कुठल्याही टेबलावर निर्धास्त जाशील. मोजताना पिस्तुलात छर्रा नाही हे आधी डोळ्यांनी बघ, दुसऱ्याला बघायला लाव, नळी माणसांपासून दूर राहू दे. आणि हे काम रेंजवरच कर, होस्टेलच्या खोलीत नाही.

आता गुळगुळीतपणाचं. तुझा ट्रिगर टू-स्टेज आहे. पहिल्या टप्प्यात बोट ओझं घेत जातं, मग एक भिंत लागते, आणि भिंतीपलीकडे शॉट सुटतो. तपासणीत दोन्हींची बेरीज मोजली जाते. पहिल्या टप्प्याला ४०० आणि भिंतीला ११५ ठेवलं, तर बोटाला भिंत पातळ लागते. उलट पहिला २५० आणि भिंत २६५ ठेवली, तर बेरीज तीच, पण शेवटी बोटाला जोर करावा लागतो आणि पिस्तूल डावीकडे ओढलं जातं. मुलं म्हणतात 'ट्रिगर जड आहे', आणि बेरीज कमी करत बसतात. बेरीज ५१५ च राहू दे. पहिला टप्पा वाढव, दुसरा हलका कर. मात्र भिंत इतकी पातळ नको की घामेजलेल्या बोटाला ती कळणारच नाही. मग ट्रिगर स्टॉप लाव, म्हणजे शॉट सुटल्यावर बोट मागे धावत नाही. हे स्क्रू फिरवताना एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक वेळी वहीत लिही.

हे मी एवढ्या पोटतिडकीनं का सांगते? १९९८ साली एका राज्य स्पर्धेत मी तिसरी होते. आदल्या रात्री लॉजवर मला ट्रिगर किंचित जड वाटला म्हणून मी पहिल्या टप्प्याचा स्क्रू जरासा सैल केला. माझ्याकडे तेव्हा ताणकाटाच होता, त्यावर ५०० दिसले आणि मी झोपले. सकाळची तपासणी पास झाली. मॅच सुंदर झाली. संपल्यावर चिठ्ठी काढून काही जणांची पुन्हा तपासणी होते, त्यात माझा नंबर निघाला. पहिल्यांदा उचललं, ट्रिगर पडला. दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा तपासणाऱ्या बाईंनी इतकं सावकाश उचललं की वजनाखाली कागद सरकेल एवढी फट दिसली, मला वाटलं टिकलं, आणि टक् असा आवाज आला. चाळीस शॉटच्या धक्क्यांनी सैल स्क्रू आणखी फिरला होता. निकालाच्या पाटीवर माझ्या नावापुढचे गुण खोडले गेले. त्या बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्यानंतर चौथीला मेडल मिळालं, तीही नियमात खेळली होती. मला ना ते मेडल परत मिळालं, ना ती रात्र. पंधरा ग्रॅमनं तुझा एकही दहा कमी होणार नाही.

प्रश्न : मुलीसाठी एअर पिस्तूल घेताना मेकॅनिकल ट्रिगर घ्यावा की इलेक्ट्रॉनिक? इलेक्ट्रॉनिक बंद पडतो असं ऐकलं. (एक वडील, ठाणे)

तुम्ही जे ऐकलंय त्यामागे बहुतेक टोकियो आहे. २५ जुलै २०२१ ला मनू भाकरच्या पिस्तुलाची कॉकिंग लिव्हर, म्हणजे शॉटसाठी पिस्तूल तयार करायचा दांडा, पात्रता फेरीच्या मध्येच तुटली. दुरुस्तीत पंधरा-वीस मिनिटं गेली. परत येऊन तिनं ५७५ केले, बारावी आली, फायनलची दारं दोन गुणांनी बंद झाली. ते दृश्य बघताना मी टीव्हीसमोर उभी होते, बसवेना. पण त्यातून 'इलेक्ट्रॉनिक वाईट' हा अर्थ काढू नका. जे तुटलं ते लिव्हर होतं, धातूचा भाग. पुढे पॅरिसला याच मुलीनं दोन ब्राँझ घेतली.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घासत नाही, म्हणून वर्षानुवर्षं सारखा लागतो, ड्राय फायरला तर फारच सोयीचा. पण त्याला बॅटरी लागते, आणि बिघडला तर तालुक्याच्या गावी कुणी हात लावू शकत नाही. मेकॅनिकल घासतो, त्याला साफसफाई लागते, पण एक ॲलन की आणि समजदार माणूस असेल तर जागच्या जागी नीट होतो. तुम्ही ठाण्यात आहात, वरळीची रेंज जवळ आहे, जाणकार माणसं भेटतात. तुम्हाला दोन्ही चालेल. नंदुरबारहून पत्र असतं तर मी मेकॅनिकलच म्हटलं असतं. कुठलंही घ्या, पण मॅचच्या दिवशी पेटीत नवी बॅटरी, सीलचा जास्तीचा संच, भरलेला दुसरा सिलिंडर, आणि क्लबमधल्या कुणाशी तरी आधीच बोलून ठेवलेलं पर्यायी पिस्तूल असू द्या. पर्यायी पिस्तुलावर मुलीनं महिन्यातून एकदा तरी तीस शॉट मारलेले असावेत. परकं वेपन ऐनवेळी हातात आलं की हात गोंधळतो.

प्रश्न : आमच्या रेंजवर कॉम्प्रेसर नाही. हातपंपानं सिलिंडर भरतो. जुलैपासून माझ्या रायफलीचे शॉट वर-खाली जायला लागलेत. एक जण म्हणाला, हॉस्पिटलच्या ऑक्सिजन सिलिंडरमधून भर, कोरडी हवा मिळेल. (रत्नागिरी)

ऑक्सिजन कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतला तेलाचा, ग्रीसचा एखादा थेंब भेटला की पेट घेतो, सिलिंडर हातात फुटतो. ज्यानं सांगितलं त्यालाही हे वाचून दाखवा. याच कारणानं सिलिंडरच्या तोंडाशी, पंपात किंवा फिलिंग ॲडॅप्टरला शिवणयंत्राचं तेल, खोबरेल वगैरे काही लावायचं नाही. तिथे फक्त उत्पादकानं सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाच्या टोकाएवढं.

तुमचं दुखणं पाण्याचं असावं. कोकणातल्या जुलैची हवा पंपात दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते. ते सिलिंडरमधून रेग्युलेटरमध्ये जातं, आत गंज धरतो, झडप अडते आणि प्रत्येक शॉटचा वेग वेगळा होतो. पंपाला ओल शोषणारा फिल्टर असतो, त्यातले मणी रंग बदलले की बदलावे लागतात. तो आहे का बघा. साठ-सत्तर दट्ट्यांनंतर दहा मिनिटं थांबा, पंप तापला की आत जास्त ओल जाते आणि रबरही जळतं. थांबताना पंपाचा ब्लीड स्क्रू, म्हणजे आतली हवा सोडायचा स्क्रू, उघडा. त्यातून तुषार उडताना दिसले, तर तेच पाणी तुमच्या रायफलीत जात होतं. जमत असेल तर तीन-चार शूटर मिळून डायव्हिंगचा एक मोठा सिलिंडर घ्या. किनाऱ्यावर डायव्हिंगवाल्यांकडे कोरडी हवा भरून मिळते. आताचा सिलिंडर आणि रेग्युलेटर मात्र जाणकाराकडून उघडून साफ करून घ्या, स्वतः उघडू नका.

त्याचबरोबर छर्रेही बघा. ओलीत शिसं पांढुरकं पडतं. डबा उघडा ठेवला असेल तर तो सरावाला वापरा आणि मॅचसाठी बंद डबा काढा. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, ते छर्ऱ्याच्या डोक्याचं माप. 'अमुक चॅम्पियन ४.५० वापरतो' यावरून निवडू नका. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, अगदी एकाच कंपनीच्या, पाठोपाठच्या नंबरांच्या दोन रायफलींचीसुद्धा. तीन मापांचे डबे तिघांत वाटून आणा, रेस्टवरून प्रत्येकाचे दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप मारा, ज्याचा ग्रुप लहान तो तुमचा. मग त्याच बॅचचे जमतील तेवढे डबे एकदम घ्या. बॅच नंबर डब्यावर असतो. आणि छर्रे हाताळल्यावर जेवणाआधी साबणानं हात धुवायचे. शिशाचं विष हळू चढतं, लहान मुलांना तर जास्तच.

प्रश्न : हातात बसत नाही म्हणून पिस्तुलाच्या ग्रिपला (मुठीला) पुट्टी लावून आकार दिला तर नियमात बसतं का? (अकरावी, नाशिक)

बसतं, बेटा, आणि करावंच. ग्रिप तयार आणली की कामाची सुरुवात होते. तळहाताला खडूची पूड लाव, ग्रिप घट्ट नाही तर नेहमीसारखी धर आणि सोड. जिथे पूड लागली नाही तिथे पोकळी आहे, तिथे इपॉक्सी पुट्टीचा पातळ थर दे. जिथे जास्त लागली तिथे दुखत असणार, तिथे पॉलिश पेपरनं दोन-चार हात मार. पुन्हा खडू. असे आठ-दहा फेरे होतील, घाई करू नकोस. काढलेलं लाकूड परत येत नाही. डोळे मिटून हात उचलायचा, उघडायचे, आणि पुढची साइट मागच्या खाचेच्या मध्यात आपोआप आलेली दिसली की थांबायचं.

मर्यादा एवढ्या: सगळं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे, वजन दीड किलोच्या आत हवं, आणि ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला वेढा घालणारा किंवा आधार देणारा नको. तळहाताखालचा टेकू काटकोनापेक्षा वर उचललेला चालत नाही. मुलं सापडतात ती ५० मिलिमीटरमध्ये. अंगठ्याखाली पुट्टीचा कट्टा करतात, तो बाहेर येतो आणि पेटीचं झाकण लागत नाही. पुठ्ठ्याची तेवढ्या मापाची पेटी घरीच कर आणि प्रत्येक थरानंतर पिस्तूल तिच्यात ठेवून बघ. नियमपुस्तक बदलत असतं, म्हणून स्पर्धेच्या वर्षाची आवृत्ती सरांकडे बघून घे.

प्रश्न : एअर रायफलला लायसन्स लागतं का? आणि मुलाला .२२ बोअरची रायफल करायची असेल तर? (एक पालक, लातूर)

शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर वेपनला लायसन्स लागत नाही. मॅच रायफलीचा छर्रा साधारण आठ ज्यूलच्या आसपास असतो, त्यामुळे ती त्यात बसते. तरी पक्की पावती घ्या आणि प्रवासात रायफल कायम पेटीत, पावतीची प्रत सोबत, नळीत भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण. .२२ हे मात्र शस्त्र कायदा १९५९ खालचं अग्निशस्त्र. त्याला लायसन्स लागतं आणि वयाची अट २१ वर्षांची आहे. त्याआधी मुलानं क्लबच्या वेपनवर, क्लबच्या रेंजवर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली शिकायचं. त्याला आता कितवं वर्ष लागलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. पंधराच्या आत असेल तर दोन वर्षं एअर रायफलच करू द्या. तिथे जमलेलं उभं राहणं पुढे .२२ च्या ५० मीटरला तसंच कामाला येतं.